भागुबाईंचे गाठीचे धडे

भागुबाईंनी वहाणा काढून हातात घेतल्या, तेव्हा मथूच्या लक्षात आलं की आतापर्यंत झाला तो चढ नव्हताच. खरा चढ इथून पुढे आहे. गाव सोडून तास होऊन गेला होता. भाताची रिकामी खाचरं मागे पडली, ओढ्यातली उरलीसुरली डबकी मागे पडली, आणि आता करवंदीच्या जाळ्यांमधून चाललेली पायवाट सरळ आभाळाला जाऊन टेकल्यासारखी दिसत होती.

"बाई, वहाणा का काढल्या? खडे टोचतील की."

"टोचू देत. वहाण तुटली तर उद्या वर्गात काय घालू? पायाचं काय, तो आपला आपण बरा होतो."

भागुबाई पंचेचाळिशीच्या. अंगानं काटक, चालणं असं की बरोबरच्याला मध्येच दोन पावलं पळावं लागावं. उंबरखोऱ्याच्या शाळेत तिसरी-चौथी त्यांच्याकडे आणि पहिली-दुसरी मथूकडे. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे आणि मथूला धाकट्या बाई. धाकट्या बाईंना अजून वीस पुरी व्हायची होती. तळेगावातून मॅट्रिक होऊन आलेली, ट्रेनिंग बाकी, नोकरीला लागून आठ महिने झालेले. साल अडुसष्ट, आणि शिमगा अकरा दिवसांवर आलेला.

खिंडीजवळच्या आंब्याखाली भागुबाई टेकल्या. पिशवीतून त्यांनी भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी काढली.

"घे."

"आज चतुर्थी आहे बाई."

"मग? तुझ्या देवाला शेंगा चालतात ना?"

"चालतात."

"शहाणा देव आहे. घे मग."

मथूनं चार शेंगा उचलल्या. खाली लांबवर कामशेतच्या बाजूला गाडीची शिटी वाजली. एरवी मथूची बडबड अशा वेळी थांबली नसती, पण आज सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढून कालचं कपाट हलत नव्हतं. भागुबाई काल संध्याकाळी रजेवरून परत आल्या. शाळेची चावी घेतली, कपाट उघडलं, आत पाहिलं आणि कपाट लावून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. वरच्या वाडीला जाऊन येऊ. चिंगी चार दिवस शाळेत नाही म्हणे."

कपाटात काय दिसलं त्याबद्दल चकार शब्द नाही. मथू रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली होती.

भागुबाईंनी शेंगेचं टरफल फेकलं. "मथू, तुझं अक्षर फार छान आहे."

झालं. मथूच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाई, मला खरंच कळलं नव्हतं हो. एकवीरा आईची शपथ घेऊन सांगते."

"देवीला कशाला मध्ये घेतेस? ती काय शाळेत होती का? तू सांग."

आता हे अक्षराचं प्रकरण काय, ते सांगायचं तर आधी भागुबाईंच्या शिकवण्याची रीत सांगायला हवी.

तिसरी-चौथीत मिळून तेहतीस पोरं. त्यात शिदूसारखा एखादा, ज्याला मराठीचं पुस्तक जूनमध्ये दिलं तर जुलैत संपलेलं. त्यात वाडीवरची पोरं, जी भात लावणीत महिनाभर गायब आणि करवंदं पिकली की पुन्हा गायब. त्यात बहिरू, ज्याला जगात बैलांशिवाय काही दिसत नसे. 'आमचा पोस्टमन' हा निबंध त्यानं लिहिला तो पोस्टमनच्या बैलांवर, त्यांच्या शिंगांच्या रंगापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच. पहिली काही वर्षं भागुबाईंनी ते तसंच शिकवलं. शिदूसारखे जांभया देत आणि वाडीवरची पोरं खिडकीतून डोंगर बघत.

मग एका मे महिन्यात त्यांनी जुन्या पुस्तकाच्या तीन प्रती घेतल्या, शिवण उसवली आणि धडे सुटे केले. प्रत्येक धड्याची तीन दळणं काढली. त्यांच्या मनात त्यांची नावंसुद्धा होती: भरड, रवा आणि पीठ. पीठ म्हणजे पुस्तकातला धडा, जसा आहे तसा. रवा म्हणजे तोच धडा, पण अवघड शब्द बदललेला आणि लांबलचक वाक्यं तोडलेला. भरड म्हणजे दहाबारा ओळी, मोठ्या अक्षरात, पोरांच्या तोंडात असतात तेच शब्द आणि बाजूला चित्र. वाण्याकडच्या खाकी कागदाचं वेष्टण सगळ्यांना सारखंच. दोऱ्यानं शिवायचं आणि दोऱ्याला गाठी मारायच्या. एक गाठ भरड, दोन गाठी रवा, तीन गाठी पीठ. पोरांना वाटावं की बाईंची बांधायची तऱ्हाच तशी.

खरी गंमत पुढेच होती. भरडीत भागुबाई एक गोष्ट जास्तीची घालत, जी बाकी दोन्हींत नसे. समुद्रातल्या दीपगृहाच्या रखवालदाराचा धडा होता. समुद्र त्या खोऱ्यात कुणी बघितलेला नाही, मग भरडीत त्यांनी त्या म्हाताऱ्याला एक कोंबडी दिली. शनिवारी सगळ्यांनी मिळून धडा सांगायचा असे, आणि पहिलाच प्रश्न हटकून कोंबडीचा. मग शिदूसारख्या हुशारालाही एका गाठीवाल्याकडे जाऊन विचारावं लागे, "कोंबडी कुटं ठेवायचा रं त्यो?" अशानं एका गाठीवाल्याची मान ताठ राही.

कपाटात असे दीडशेच्या वर गठ्ठे. कुणाला कुठला द्यायचा ते फक्त भागुबाईंच्या डोक्यात.

आणि भागुबाई आठ दिवसांच्या रजेवर गेल्या. त्यांच्या आईच्या, येसूबाईंच्या, डोळ्यांचं ऑपरेशन होतं पुण्याला. जाताना कुणाला किती गाठींचा ते मथूला सांगून म्हणाल्या, "गाठ बघून दे."

मथूकडे आठ दिवस चारही वर्ग. साठ-बासष्ट पोरं. एकीकडे पहिलीतलं कुणी रडतंय, दुसरीकडे चौथीची पोरं धडे मागताहेत, दोऱ्यांना हात लागून लागून गाठी मळलेल्या, एक की दोन ते दिसेना. दोन दिवस तिनं डोळे ताणले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एकटी बसली, टाक घेतला, लाल शाई घेतली आणि दीडशे वेष्टणांवर वळणदार अक्षरात लिहून काढलं: सोपे, मध्यम, अवघड. काम झाल्यावर तिला इतकं बरं वाटलं की घरी जाताना तिनं मारुतीला नारळ बोलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाटप झालं. शिदूनं शेजारी वाकून बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "चिंगीचं सोपे." वर्ग हसला. फार वाईट हसला असंही नाही, पोरं हसतात तसा. चिंगीनं धडा बाकावर ठेवला, पाटी पिशवीत घातली आणि दारातून बाहेर पडली. मथूला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल.

"तेव्हापासून आली नाही," मथू म्हणाली. नाक पुसलं. "आणि बाजारात तिचा बाप भेटला होता, तो म्हणाला की लोणावळ्याला तिच्या आत्याच्या शेजारच्या बंगल्यावर मूल सांभाळायला पोरगी हवी आहे. शिमगा झाला की धाडणार. म्हणजे चौथीची परीक्षा गेलीच. तुम्ही मला रागवा बाई. काल रागावला असतात तर मला झोप तरी लागली असती."

"काल मीच दमले होते. रागवायला जोर लागतो." भागुबाई उठल्या आणि लुगडं झटकलं. "चल, ऊन वर यायच्या आत पोचू."

निम्मा चढ भागुबाई भराभर चढल्या. मग आपणहूनच बोलू लागल्या, समोरच्या वाटेकडे बघत.

"मी शाळेत होते तेव्हा आम्हाला व्हरांड्यात बसवायचे. तुला ठाऊक आहे."

मथूला ऐकून ठाऊक होतं. भागुबाईंचे वडील धोंडिबा रेल्वेत गँगमन. लोहमार्गाच्या कडेनं जिथं जिथं बदली झाली तिथं तिथं पोरगी शाळेत घातली, आणि जिथं तिथं ती उंबऱ्याबाहेर बसली. छप्पन सालाच्या पुढं घराण्यानं दीक्षा घेतली, तोवर भागुबाई फायनल पास होऊन मास्तरीण झाल्या होत्या.

"आत गुरुजी धडा वाचायचे. पाठ आमच्याकडे. मला धडा अर्धाच ऐकू यायचा. राजाची गोष्ट असली तर राजा जंगलात गेला एवढं कळायचं, मग आतून पोरांचा आरडाओरडा, आणि एकदम राजा घरी आलेला. मधलं मी माझ्या मनानं घालायची. माझ्या राजाला जंगलात माझा आजा भेटायचा, नाहीतर रेल्वेच्या डब्यांखाली झोपणारा आमचा कुत्रा. एकदा गुरुजींनी दारात येऊन गोष्ट विचारली. मी सांगितली, कुत्र्यासकट. आतली पोरं लोळून हसली."

"आणि गुरुजी?"

"ते नाही हसले. म्हणाले, हिची चांगली आहे. पण आत नाही घेतलं." भागुबाईंनी वाटेतली काटेरी फांदी बाजूला धरली आणि मथूला पुढे जाऊ दिलं. "मी तेव्हा ठरवलं होतं की मी शिकवीन तेव्हा पोराला धडा पुरा मिळेल. जेवढा झेपेल तेवढा, पण पुरा. आणि कोण कितव्या पायरीवर बसलंय ते कुणाला कळणार नाही. म्हणून त्या गाठी."

मथूला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. मनातल्या मनात तिनं एकवीरा आईचं नाव घेतलं. शपथेसाठी नाही, नुसतंच.

वाडी आली. कारवीच्या कुडाची दहाबारा घरं, मध्ये सारवलेलं अंगण. चिंगीची आई बाया अंगणात नाचणी पाखडत होती. बाईंना बघताच तिनं सूप खाली ठेवलं.

"आलासा व्हय बाय. म्या म्हनलंच हुतं ह्यास्नी, मोठ्या बाय पुन्याहून आल्या की येतीलच. म्हातारीचे डोळे कसे हायती?"

"एका डोळ्यानं दिसतंय. दुसऱ्याचं दिवाळीनंतर बघू म्हणाले."

"एका डोळ्यानं दिसलं तरी सुनंवर नजर ठिवायला लय झालं," असं म्हणून बाया आपल्याच बोलण्यावर हसली आणि चूल फुंकायला गेली. गुळाचा कोरा चहा पितळीत आला. पहिल्या वर्षी भागुबाईंना याच अंगणात करवंटीतून चहा मिळाला होता. त्यांनी तो निवांत पिऊन करवंटी धुऊन बायाच्या हातात दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "जपून ठेव, मी दर महिन्याला येणार आहे." तिसऱ्या महिन्यात पितळी आली. हे बायाच सगळ्यांना हसत सांगे.

चिंगीचा बाप सावळा झोपडीच्या आडोशाला दोर वळत बसला होता. त्यानं लांबूनच रामराम घातला. "बाय, पोर काय यायची न्हाई. म्या लय सांगून बघितलं. मारून बी बघनार हुतो, पर ती माझ्यापरीस जोरात पळती."

"कुठं आहे?"

सावळ्यानं हनुवटीनं वर दाखवलं. घरामागच्या फणसाच्या खालच्या फांदीवर दोन पाय लोंबत होते.

भागुबाई फणसाखाली जाऊन दगडावर बसल्या. मथू मागे उभी राहिली. पाय हलायचे थांबले.

"चिंगे, तुझ्यासाठी नवीन वेष्टण घातलंय मी धड्याला. बघ, काही लिहिलेलं नाही." भागुबाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला. रविवार असो की सण, त्या पिशवीशिवाय त्या घराबाहेर पडत नसत, आणि पिशवीत नेहमी दहापंधरा धडे असतच. "दीपगृहवाला धडा. कोंबडीचा."

पाय वर ओढले गेले.

"धाकट्या बाईंना माहीत नव्हतं. त्या तुझी माफी मागायला आल्यात एवढ्या लांब. त्यांचा उपास आहे आज."

मथू पुढे झाली. "चिंगी, माझं चुकलं गं. मला नीट कळलं नाही गाठींचं."

"आमाला कळत हुतं," वरून आवाज आला.

"काय कळत होतं?" भागुबाईंनी विचारलं.

"गाठींचं. एक गाठ म्हंजी सोपं, तीन गाठी म्हंजी लय अवघड. समद्या वर्गाला ठावं हाय."

भागुबाईंच्या हातातला गठ्ठा मांडीवर आला. "कधीपासून?"

"पयल्यापासनं. शिदूनं सांगितलं आमाला, मागल्या वरसाच्या गनपतीच्या टायमाला."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुमी येवढं लपवीत हुता," चिंगी म्हणाली. "तुमाला वाईट वाटलं असतं."

सावळा खाकरला. मथूला अशा वेळी हसू यायला नको होतं, पण ते आलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. भागुबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वर बघत होत्या.

"ठावं होतं, तरी तू येत होतीस. मग आता काय झालं?"

फांदी हलली. मग पोर खाली उतरली, बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. बारा वर्षांची असेल. वाडीवरून शाळेत येता येताच दोन वर्षं उशीर झालेला. केसांना तेल नाही, गुडघ्यावर नवी खरचटलेली जखम.

"गाठ हुती तवर बरं हुतं," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "म्हनायची, आज एक हाय, दिवाळीला बाय दुसरी मारतील. मग संक्रातीला म्हनलं, मारतील. म्या वाट बघत हुते. आता धाकल्या बायनी लिवूनच टाकलं. लिवलं म्हंजी झालंच की पक्कं."

मथूनं पदर तोंडावरून काढला. भागुबाई गठ्ठ्याचा दोरा बोटांनी चाचपत राहिल्या.

"मला त्ये नको," चिंगी गठ्ठ्याकडं बोट करून म्हणाली. "तीन गाठीचं द्या."

"अगं, ते फार अवघड आहे. आधी दोन..."

"तीन."

भागुबाईंनी मथूकडं बघितलं, मग पिशवीत हात घालून शिदूचा गठ्ठा काढला आणि दिला. चिंगीनं तो मांडीवर घेतला आणि बोट ठेवलं.

"भर... समुद्रात, खड... खडकाळ... बेटावर..."

ती अडखळत होती, हे खरं. पण मथूला दुसरंच काहीतरी दिसलं. चिंगी 'खड'वर थांबली की भागुबाईंचे ओठ आपोआप हलत, आणि पोरीच्या आधी शब्द बाहेर पडू बघत. पोर त्या ओठांकडे बघून घेई आणि मग म्हणे. दोन वर्षं हेच चाललं असणार. बाईंची माया इतकी की शब्दासाठी पोरीला कधी एक श्वाससुद्धा थांबावं लागलं नाही.

पुढची ओळ आली. चिंगी थांबली. भागुबाईंचे ओठ उघडले. मथूनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

आपण काय करतोय याचं तिचं तिलाच भान नव्हतं. मोठ्या बाईंचं मनगट धरायचं म्हणजे काय. पण भागुबाईंनी ओठ मिटले.

चिंगीनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. तिथं काही मिळालं नाही. मग ती पुन्हा कागदाकडे वळली. फणसावर एक खार आली आणि गेली. सावळ्याचा दोर थांबला होता.

"शि... क्षि... क्षितिजा-पर्यंत," चिंगी म्हणाली. "क्षितिजापर्यंत पानीच पानी. न्हाई, पाणीच पाणी."

ती वाचत गेली. अकरा ओळी वाचल्या. चार शब्द चुकले, एक ओळ गाळली गेली. तीन गाठींना ती अजून पुरती पोचली नव्हती हे कुणीही सांगितलं असतं. पण एक गाठ तिनं कधीच ओलांडली होती, केव्हा ते देव जाणे, आणि तिथंच तिला बसवून ठेवलं होतं.

पान संपल्यावर चिंगीनं ते उलटून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. "ह्याच्यात कोंबडी कुटं गेली?"

"त्यात नाही कोंबडी," भागुबाई म्हणाल्या. "कोंबडी मी घातली तुझ्या धड्यात."

"म्हंजी पुस्तकात कोंबडीच न्हाई?"

"नाही."

"म्या म्हनायची, शिदू इसरतो म्हनून इचारतो. त्याला कोंबडी न्हाईच." चिंगीला हे फार आवडलं. पहिल्यांदाच ती हसली. मग विचार करून म्हणाली, "दोन गाठीच्यात हाय का?"

"नाही. पण तुला हवी असेल तर तूच घाल. दोन गाठीचं घेतलंस तर मागं कोरं पान आहे. तुझ्या हातानं लिहायची."

पोरीनं थोडा वेळ डोकं खाजवलं. मग तिनं तिचा जुना गठ्ठा भागुबाईंच्या मांडीवरून उचलला, दातांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि दुसरी गाठ मारली. "असं चालंल?"

"आत धडा एक गाठीचा आहे गं."

"त्यो उद्या शाळंत बदलून द्या."

अंगणात बाया सगळं ऐकत उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "लोनावळ्याला सांगावा धाडा. म्हनावं, परीक्षा हुस्तवर पोर न्हाई यायची. तवर बंगलेवालीनं आपलं मूल आपुन सांभाळावं."

"आन् तुझी ननंद मला काय म्हनंल?"

"मला म्हनंल. तुमाला कधी काय म्हनती ती?"

सावळ्यानं दोर पुन्हा वळायला घेतला. "बाय, परीक्षा घ्यायला दिपोटी सायेब कवा येनार?"

"चैत्रात."

"चैत्रापतुर हाय मग ती शाळंत. पुढचं पुढं बघू." एवढं झालं तरी खूप झालं, हे दोन्ही बाईंना ठाऊक होतं.

उतरताना वाट सोपी होती, पण भागुबाई चालत होत्या सावकाश. वहाणा पुन्हा पायांत घातल्या होत्या. मथूला आता बोलायचा धीर आला होता.

"बाई, मी आजच सगळी वेष्टणं बदलते. नवा खाकी कागद मी आणते."

"बदल. पण त्यानं काय होणार? पोरांना गाठी कळतातच."

"मग काय करायचं?"

पळसाखाली पडलेल्या फुलांवरून भागुबाई पुढे चालत गेल्या. खिंडीजवळच्या आंब्यापाशी थांबल्या, बसल्या नाहीत.

"तू चुकलीस, ते लाल शाईत चुकलीस. सगळ्यांना दिसलं, एका दिवसात दिसलं. म्हणून आपण आज इथवर आलो. माझं दोन वर्षं कुणाला दिसलं नाही. मला वाटायचं, चिंगी म्हणजे एक गाठ. पहिल्या वर्षी होती तशीच. मी कधी पुन्हा बघितलंच नाही गं. चांगलं चाललंय म्हणून बघितलं नाही."

"असं नका म्हणू बाई. तुम्ही नसता तर ती शाळेत आलीच नसती."

"ते खरं आहे. हेही खरं आहे." भागुबाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आणि ती एकटी आहे असं मला नाही वाटत. बहिरू बैलांवर दोन पानं लिहितो, त्याला मी अजून रव्यावर ठेवलाय. ती सोनाराची पोरगी तीन गाठींचं घेऊन बसते, आणि मला आता आठवतंय, ती वाचताना घामाघूम होते. तेहतीस पोरं आहेत. माझ्या डोळ्यांना ती सगळी पाठ झालीत. पाठ झालेलं माणूस नीट बघत नाही."

मथूनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"तू नवीन आहेस," भागुबाई म्हणाल्या. "आणि आज तू माझा हात धरलास. मला तर तो सोडवून घ्यायचा होता. तेव्हा एक कर माझ्यासाठी. उद्यापासून आठ दिवस मी पहिली-दुसरी घेते, तू माझ्या वर्गात बस. एकेकाला जवळ घे, वाचायला लाव आणि त्याच्या तोंडाकडे न बघता ऐक. कोण कुठवर आलंय ते तूच ठरव. मला विचारू नकोस. मी सांगायला लागले तरी ऐकू नकोस."